बॅटरीच होती

नवी बॅटरी बसवली, टर्मिनल आवळले, हात पँटला पुसले, ड्रायव्हरच्या सीटवर बसलो आणि किल्ली फिरवली. टक. एवढंच. पुन्हा फिरवली. पुन्हा टक, भिंतीवरच्या पालीने केल्यासारखं. आणि मला इतका आनंद झाला की मी स्टिअरिंगवर डोकं टेकवून थोडा वेळ तसाच बसून राहिलो. गाडी सुरू न झाल्याचा आनंद झालेला तारकर्लीतला मी पहिलाच माणूस असेन. समोरच्या काचेतून माडांचे बुंधे दिसत होते, पावसाने काळे पडलेले, आणि त्यांच्यापलीकडे राखाडी समुद्र. उघडीप होती. कावळा कंपाउंडवर बसून माझ्याकडे बघत होता. बाबांच्या पिंडाला जो शिवला होता तोच की दुसरा, हे कावळ्यांच्या बाबतीत सांगता येत नाही. मी त्याला काचेतूनच खूण केली की बघ, कारण बॅटरी नव्हतीच. त्याने मान दुसरीकडे वळवली. नवी बॅटरी, दिवे लख्ख, हॉर्न असा की आईच्या हातून आत काहीतरी पडल्याचा आवाज आला, आणि तरीही टक. म्हणजे त्या दिवशीही बॅटरी नव्हती. म्हणजे मी नव्हतो.

त्या दिवशी म्हणजे बाबा गेले त्या दिवशी. जूनची सुरुवात, होड्या नुकत्याच वर ओढलेल्या. दुपारी जेवताना बाबांनी ताट पुढे सरकवलं आणि वारो बदललो म्हणाले. आमच्या घरात वारा बदलला की सगळे समुद्राकडे बघतात, तसे मी आणि आई समुद्राकडे बघत राहिलो. समुद्रावर काहीच नव्हतं. पुन्हा बाबांकडे बघितलं तर त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब उभे होते आणि हात छातीवर होता. मी त्यांना धरून गाडीत मागच्या सीटवर बसवलं, आई शेजारी बसली, मी किल्ली फिरवली आणि टक. बाहेर पडून बॉनेट उघडलं, बंद केलं. बॉनेट उघडून बंद केल्याने गाड्या सुरू होतात असं मला वाटत असावं. ढकलावी तर आमचं परडं सगळं पुळणीचं, वाळूत चाक रुतून बसतं. शेवटी रस्त्यावरून एक टेंपो जात होता तो अडवला. लॉजवाल्याच्या गाद्या होत्या त्यात. पावसाळ्यात लॉज बंद म्हणून तो गाद्या कुडाळला कोरड्या गोदामात पाठवत होता. बाबांना एकावर एक रचलेल्या गाद्यांवर झोपवलं. जन्मभर होडीच्या फळीवर नाहीतर घोंगडीवर पाठ टेकलेला माणूस, एखाद्या राजाने झोपावं तसा इतक्या उंचावर झोपला की ताडपत्रीला त्याचं नाक लागत होतं. मालवणच्या दवाखान्यातून जिल्ह्याच्या ठिकाणी न्या म्हणाले, गाद्यांसकट निघालो, आणि वाटेत कुठेतरी, कुठल्या गावात ते आईला नि मला नीट सांगता येणार नाही, त्यांचा हात माझ्या हातात जड झाला. लॉजवाला भला माणूस. सगळ्यात वरची गादी त्याने परत घेतली नाही. ती आमच्या माजघरात उभी करून ठेवलेली आहे, भिंतीला टेकून, पाहुणीसारखी. तिच्यावर कोणी झोपत नाही आणि तिला जा असंही कोणी म्हणत नाही.

आता बॅटरीचं. गाडी सकाळी उठायला कुरकुर करायची. हे आधीचे दोन महिने चाललं होतं. बाबा रोज म्हणत, बॅटरी बघ रे मंग्या, आणि मी म्हणत असे, बघतो. मालवणच्या बाजारात माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, म्हणजे अर्ध्या गाळ्यात टेबल आहे. पर्यटक फोटो काढता काढता फोन समुद्रात पाडतात आणि मग तांदळाच्या पिशवीत घालून माझ्याकडे आणतात. मी तांदूळ वेगळे करतो आणि आतला खार ब्रशने काढतो. हंगामात इतके फोन बुडतात की मला बॅटरी बघायला वेळ नसतो, हे माझं त्या वेळचं उत्तर होतं. ते उत्तर मी त्यानंतर कोणाला दिलेलं नाही, कारण कोणी विचारलंच नाही. तेराव्यापर्यंत जो येई तो पायरीवर बसून चहा घेई, गाडीकडे एकदा बघे आणि हळू आवाजात शेजारच्याला सांगे, बाटरी. शेजारचा मान हलवी. शब्द एवढाच. कोणी मला दोष दिला नाही. दोष दिला असता तर मी भांडलो तरी असतो.

आईने तर तो शब्दच टाकून दिला. बॅटरी नाही, सेल नाही, चार्जिंग नाही. टीव्हीचा रिमोट बंद पडला तेव्हा ती उठून जाऊन टीव्हीचं बटण दाबू लागली. नंतर भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं, पावणेचारला. घड्याळात सेल घालायचा तर कोणीतरी सेल म्हणायला हवं, आणि सेल म्हणजे बारकी बॅटरीच. म्हणून आमच्या घरात तेव्हापासून पावणेचार वाजलेत. ती सकाळी पावणेचारला पेज देते, रात्री पावणेचारला दिवा मालवते. मला वाढताना माशाचा मधला तुकडाच वाढते, पूर्वी बाबांना वाढायची तो. एखाद्या दिवशी शेपटीकडचा वाढला असता तर मला कळलं असतं की राग आहे. मधल्या तुकड्यातून काही कळत नाही. काटे बाजूला काढत मी तिच्या तोंडाकडे बघतो आणि ती माझ्या ताटाकडे बघते, आणि आम्ही दोघं जण पावणेचारला जेवत असतो.

म्हणून टक झाल्यावर मला आनंद झाला. आता फक्त काय ते शोधून काढायचं, आईला हात धरून आणायचं, दाखवायचं की हे बघ, हे होतं, ह्याला मी काय करणार होतो. मी तिठ्यावरच्या प्रीतमला फोन केला. प्रीतम माझ्या वर्गातला, त्याचं गॅरेज म्हणजे एक पत्रा, दोन खांब आणि बरंच आत्मविश्वासाचं बोलणं. तो आला, त्याने गाडीभोवती एक फेरी घातली, चाकाला लाथ मारली, जी बाबांना अजिबात आवडली नसती, आणि मला किल्ली मारायला सांगितली. टक. बाटरी, म्हणाला. मी त्याला नवी बॅटरी दाखवली, वरचा प्लॅस्टिकचा कागदही अजून काढलेला नव्हता. तो जरा हिरमुसला. मग त्याने फ्यूज काढून चाटून बसवले, टर्मिनल हलवून बघितले, बॅटरीची बॉडीकडे जाणारी काळी वायर बघितली, ती ठीक होती. मग सेल्फ गेलो म्हणाला, इंजिनाला गरगरा फिरवणारी ती लहान मोटर. मला किल्ली धरून ठेवायला सांगून त्याने खालून पान्याने सेल्फवर ठोके घातले, दार उघडत नसलं की घालतात तसे. काही नाही. फक्त क्लचची वायर त्याच्या मनगटाला लागली आणि तो हात झटकत बाहेर आला. वायर तापली होती. क्लचच्या वायरीला तापायचं काय कारण, ती नुसती ओढायची वायर, असं मी म्हणालो. प्रीतम म्हणाला, जुनी गाडी, तेका ताप येतलोच. मग त्याने टॉर्च मारून खाली वाकून बघितलं आणि गाडीत पहिल्यांदाच काहीतरी आवडल्यासारखा म्हणाला, की ही इंजिनाखालची पट्टी बघ, वर सगळी गाडी गंजाने खाल्लीय आणि खाली ही बघ कशी, गंज नाय काय नाय, फर्स्टक्लास. सेल्फ उद्या काढू म्हणून तो निघणार, तेवढ्यात बाबली आला.

बाबली म्हणजे बाबांच्या होडीवरचा जन्माचा सोबती, बाबांना लवूदा म्हणणारा. बाबा तांडेल, होडी त्यांच्या शब्दावर चालायची. जाळं ओढायला बाबली. होडी विकली तेव्हा बाबली रडला होता, बाबा रडले नव्हते. गुडघे गेले, डोळे गेले, आता पर्यटक फिरवूया म्हणाले, आणि आरोंद्याच्या एका माणसाकडून ही जुनी पांढरी गाडी घेऊन आले. होडी विकून गाडी आणली खरी, पण आणलेली वस्तू होडी नाही हे कोणी त्यांना नीट समजावलं नाही. तिचं तोंड कायम समुद्राकडे करून उभी करायचे. रोज सकाळी गोड्या पाण्याने धुवायचे, मीठ खाता लोखंडाक, म्हणायचे. रिव्हर्स घेताना मागे बघायचे नाहीत, आकाशाकडे बघायचे. नारळीपौर्णिमेला तिच्या बॉनेटवरून समुद्राला नारळ दिला होता आणि पुण्याचे पर्यटक आत बसून टाळ्या वाजवत होते. तर बाबली आला, त्याने टक ऐकला, नवी बॅटरी बघितली, आणि हातातली पिशवी खाली ठेवून म्हणाला की आधी गाऱ्हाणं घालायला हवं, नंतर पाना-पक्कड. प्रीतमला वाटलं हे बरं, सेल्फ उद्यावर गेला तर देवाच्या नावावर जाईल. त्याने चपला काढल्या.

आईने नारळ दिला. बॉनेटवर विड्याचं पान, पानावर नारळ. बाबली हात जोडून गाडीच्या तोंडासमोर उभा राहिला, प्रीतम आणि मी दोन हेडलाइटसमोर, आई पायरीवर. बाबलीचा आवाज समुद्रावर हाका मारून झालेला, तो देवाशीसुद्धा वाऱ्याविरुद्ध बोलतो. हे बा रवळनाथा, गावच्या राखणदारा, आज ह्या लेकरान तुझ्या पायाकडे नारळ ठेयलो हा. व्हय म्हाराजा, आम्ही म्हणालो. ह्या लवूच्या गाडयेक नयी बाटरी घातली, तरी ती चलना नाय. व्हय म्हाराजा. तेच्या आड कोणाची वायट नजर इली असात, वाटेवरचा काय लागला असात, तर ता बाजूक कर. व्हय म्हाराजा. आणि जर सेल्फ गेलो असात, तर तो आपल्या जाग्यार परत हाड. व्हय म्हाराजा, प्रीतम जरा मोठ्यानेच म्हणाला. मला हसू येत होतं. मी ते दाबायला खाली बघितलं, नंबरप्लेटकडे. आई मागून बारीक आवाजात प्रत्येक वेळी व्हय म्हाराजा म्हणत होती, आणि तिच्या आवाजावर माझं लक्ष होतं, कारण अनेक दिवसांत ती गाडीबद्दल बोलत असलेली मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मग बाबली म्हणाला, आणि ह्या घरात ज्येचा कोणाचा काय चुकला असात, ता पोटात घाल रे म्हाराजा. व्हय म्हाराजा, मी म्हणालो. प्रीतम म्हणाला. मागून आवाज आला नाही. मी वळून बघितलं तर पायरी रिकामी होती आणि आत चुलीवर काहीतरी उतू गेल्याचा चर्र आवाज येत होता. ती त्या वाक्याच्या आधी उठून गेली की वाक्य ऐकून, हे मला कळलं नाही. दूध उतू गेलं होतं हे खरं. वासही आला. पण दूध नेहमीच उतू जात असतं, बाई प्रत्येक वेळी उठतेच असं नाही.

नारळ फुटला, खोबरं चांगलं निघालं, किल्ली मारली, टक. देवाला वेळ द्यायला हवा असं ठरलं. प्रीतम चपला घालून गेला. बाबली खोबऱ्याचा तुकडा चावत पायरीवर बसला आणि इकडचं तिकडचं बोलता बोलता म्हणाला, की रे मंगेशा, वाईट वाटून घेऊ नको पण तुझ्या बापाशीन माझो तेलाचो डबो न्हेल्लो, तो खंय आसा बघ. कसलं तेल, मी विचारलं. काजूच्या टरफलांचं काळं तेल, म्हणाला, होडीक लावतत ता, पाऊस पडायच्या आधी घेऊन गेला, अर्धा डबा होता, आता होडीवरचे माडाचे झाप काढायचे दिवस आले, माझी बारकी होडी, पाती, रंगवायची आहे, डबा हवा. तो हे सहज बोलला आणि खोबऱ्याचा पुढचा तुकडा तोंडात घातला. मी म्हणालो, आमच्याकडे होडी कुठे आहे? बाबली म्हणाला, माका काय म्हायती, लवूदान मागलो आणि मी दिलंय, तेका कधी इचारूक होता काय, कित्याक म्हणान. खरं होतं. चाळीस वर्षांत बाबलीने बाबांना कित्याक, म्हणजे कशाला, असं विचारलं नव्हतं. बाबली गेल्यावर मी डबा शोधला. न्हाणीमागे लाकडांच्या माचाखाली सापडला, तोंडाला फडकं बांधलेला, बाबांच्या गाठीने. आत काळं तेल आणि त्यात नारळाच्या सोडणाच्या काथ्याचा कुंचला, वाळून दगड झालेला.

डबा हातात धरून मी उभा राहिलो आणि मला त्या शेवटच्या जेवणातला बाबांचा हात आठवला. उजव्या अंगठ्यावर फोड होता, पाण्याने टरटरलेला, खोबरेल लावल्याने चकचकीत. भाताचा घास ते अंगठा वर धरून घेत होते. टेंपोत मी धरला तो तोच हात. मालवणच्या दवाखान्यात नर्सने सुई टोचताना विचारलं, हे काय, आणि आई म्हणाली, काजी भाजताना लागला. आईला तसंच सांगितलं असणार त्यांनी. काजूच्या टरफलाच्या तेलाने कातडी अशीच उठते, हे आमच्याकडे पोराटोरालाही माहीत असतं. पण जूनच्या तोंडावर काजी कोण भाजतं, बिया तर मेमध्येच विकून झाल्या होत्या, हा प्रश्न माझ्या डोक्यात त्या दिवशी आला नाही आणि नंतरही आला नाही. माणूस मेला की त्याच्या अंगठ्याकडे कोण बघतं. सगळे छातीकडे बघत होते.

मी गाडीखाली शिरलो. पुळण ओली होती, पाठीला गार लागली. वर गाडीचं पोट. हात फिरवला आणि हात थांबला, कारण हे पोट मला माहीत होतं. मी लहानपणी होडीखाली खेळायचो, वर ओढलेल्या, ओंडक्यांवर ठेवलेल्या, झाप घालून शाकारलेल्या होडीखाली, जूनचा पाऊस बाहेर पडत असताना, आणि वर असंच गुळगुळीत काळं पोट असायचं, त्यात काथ्याच्या कुंचल्याचे बारीक ओरखडे, पुढून मागे, सगळे एका दिशेने. तोच वास. तेच ओरखडे. गाडीचं सगळं खालचं अंग त्यांनी रंगवलं होतं, गंज खरवडून, दोन हात देऊन, कोपऱ्याकोपऱ्यात बोट घालून, जिथे कुंचला जात नाही तिथे अंगठ्याने. गुडघे गेलेला माणूस ह्या पुळणीत पाठ टेकून किती वेळ पडला असेल. मी दुकानात होतो, कोणाच्या तरी फोनमधून समुद्र काढत. आणि मग प्रीतमला आवडलेली ती पट्टी. इंजिनापासून बॉडीपर्यंत जाणारी अर्थिंगची पट्टी, गुंफलेल्या तारेची. तिच्या बोल्टवर पान्याचे ताजे चरे होते. त्यांनी ती सोडवली होती. सोडवून तिच्या खालचा गंज काढला होता, पट्टीला वरून खालून तेल पाजलं होतं, बसते त्या जागेलाही पाजलं होतं, पुन्हा घट्ट बसवली होती आणि वरून सुतळी गुंडाळून, दोराचं टोक सुटू नये म्हणून बांधतात तशी, बांधून टाकली होती. मीठ कुठूनही आत जाता कामा नये. मीठ आत गेलं नव्हतं. काहीच आत जात नव्हतं. ते तेल ओलं असो की वाळून लाखेसारखं झालेलं, त्यातून वीज जाऊ शकत नाही. बॅटरीतून निघालेला जोर सेल्फपर्यंत पोचत होता आणि त्याला परत यायला वाट नव्हती, म्हणून तो बिचारा क्लचच्या वायरीतून चोरून परत यायला बघत होता आणि वायर तापत होती. हे मला झोपल्या झोपल्या एकदम कळलं, कारण मी रोज हेच काम करतो. दोन धातूंच्या मधला थर काढणं, ह्याचेच मला पैसे मिळतात.

आणि पाऊस सरांदे, पाऊस सरू दे. हे त्यांचं शेवटचं वाक्य होतं, गाडीच्या मागच्या सीटवर, मी किल्लीशी झटत असताना. पाऊस सरांदे. टेंपोत ते काही बोलले नाहीत. त्या वाक्यावर तेराव्यापर्यंत पुष्कळ चर्चा झाली. भटजी म्हणाले, वैराग्य. बाबली म्हणाला, लवूदाला समुद्रावर जायचं होतं. माझी वालावलची मावशी म्हणाली, वर्षश्राद्ध पाऊस संपल्यावर घाला असा अर्थ आहे, आणि ती तारीखही बघू लागली होती. मला वाटलं होतं छातीत दुखताना माणूस काहीही बोलतो. तो नीट बोलत होता. पावसात पर्यटक येत नाहीत, समुद्रावरचे खेळ बंद, लॉज बंद, गाद्यासुद्धा कुडाळला जातात. हंगाम संपला की होडी वर ओढायची, तेल पाजायचं, शाकारायची आणि पाऊस सरेपर्यंत तिला हात लावायचा नाही. त्यांनी गाडी वर ओढली होती. आणि मी तिला उठवत होतो, म्हणून त्यांनी मला तांडेल खलाश्याला सांगतो तसं सांगितलं. तेव्हा त्यांना स्वतःची घाई नव्हती. आपण शाकारलेल्या गाडीत आपणच बसलो आहोत आणि ती आपल्याला घेऊन जाणार नाही, हे त्यांच्या लक्षात आलं होतं का, आलं असेल तर ते आत काय म्हणाले असतील, हे मी बराच वेळ त्या काळ्या पोटाकडे बघत विचारत राहिलो.

मी सुतळी कापली. गाठ सोडवता आली असती, पण मला बाबांची गाठ कधीच सुटली नाही. बोल्ट काढला, पट्टी उचलली. दोन्हींच्या मध्ये तेल अजून ओलं होतं, दाट, मधासारखं. ते मी अंगठ्याने पुसून काढलं. फडकं होतं खिशात. का कोण जाणे, अंगठ्याने पुसलं. मग पॉलिश पेपर घासला, खाली धातू चकाकला, पट्टी बसवली, आवळली. बाहेर आलो तेव्हा एकच गोष्ट उरली होती आणि ती मी करू नये असं मला वाटत होतं, तरी केली. जुनी बॅटरी मी बदल्यात दिली नव्हती. माडाच्या बुंध्याशी ठेवली होती, ताडपत्रीखाली. का ठेवली होती विचाराल तर गुन्हेगाराला पुरावा जवळ ठेवावासा वाटतो म्हणून. नवी काढली, पायरीवर ठेवली, जुनी बसवली. किल्ली फिरवली. तिने एक लांब कण्हल्यासारखा आवाज काढला, थांबते असं वाटलं, आणि गाडी सुरू झाली.

गाडी सुरू झाली आणि तो सकाळचा सगळा आनंद कुठे गेला ते कळलं नाही. आता मी आत जाऊन आईला सांगणार होतो ना, की मी नव्हतो. मग कोण, असं ती विचारणार. मी तिला हात धरून आणणार, वाकायला लावणार, तिला गुडघ्याचं दुखणं आहे, ती वाकणार, आणि मी टॉर्च मारून तिला दाखवणार की हे बघ कुंचल्याचे ओरखडे, हे बघ कुठे अंगठा घातलाय. ह्याने गेले. तुझ्या नवऱ्याने गाडीला जीव लावला म्हणून. आणि मग रात्री पावणेचारला ती माझ्याशी बोलू लागेल, मधला तुकडा निश्चिंतपणे वाढेल, आणि बाबा आतापर्यंत नुसते गेलेले आहेत ते स्वतःच्या चुकीने गेलेले होतील. त्यांना आता तेल पुसून काढता येणार नाही. मला बॅटरी बदलता येते. मी ॲक्सिलरेटर दाबून ठेवला होता, गाडी थरथरत होती, आणि आई दारात आली.

ती पदराला हात पुसत होती. गाडीकडे बघितलं, धुराकडे बघितलं, मग पायरीवर ठेवलेल्या नव्या बॅटरीकडे. बॅटरी तिच्या पायाशीच होती, कागदासकट, कोरी. ती बराच वेळ त्या बॅटरीकडे बघत होती, मांजराने दारात काहीतरी आणून टाकलं की बघावं तसं.

"बॅटरीच होती मगे?" तिने विचारलं. तो शब्द तिने किती दिवसांनी तोंडात घेतला.

"होय," मी म्हणालो. "बॅटरीच होती."

वाकून तिने पायरीवरची बॅटरी उचलायचा प्रयत्न केला. जड होती, जमलं नाही. मग ओल लागू नये म्हणून तिने पायपुसणं ओढून त्याच्यावर ती सरकवली आणि आत गेली. रात्री मासे नव्हते. डाळ होती. डाळीत मधला तुकडा नसतो, त्यामुळे तेही काही कळलं नाही.

सकाळी उठलो तर अंगठा सुजला होता. फोड उठला होता, पाण्याने टरटरलेला, नखाच्या बाजूपासून पेरापर्यंत, अगदी तिथेच. मी हात पाठीमागे धरून पेज प्यायला बसलो आणि डाव्या हाताने चमचा धरला. डाव्या हाताने पेज पिणारा माणूस आईच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं. ती उठून माझ्यापाशी आली, मागचा हात ओढून पुढे घेतला आणि अंगठा उजेडाकडे धरला. तिचे हात गार होते, तांदूळ धुतलेले. तिने फोडावरून बोट फिरवलं, कडेकडेने, फुटणार नाही असं, आणि फोडाच्या भोवती कातडीत बसलेल्या काळ्या डागावरून. ती तो डाग बघत होती. मी तिच्याकडे बघत होतो. बाहेर पाऊस सुरू झाला होता आणि पत्र्यावर वाजत होता. फळीवरून तिने खोबरेलाची बाटली काढली, बोटावर तेल घेतलं आणि अंगठ्याला लावू लागली, हळूहळू, दोनदा, तीनदा. हे तिचे हात आधीही करून गेले होते, पावसाच्या तोंडावर, दुसऱ्या अंगठ्यावर. तेव्हा बाबांनी काय सांगितलं होतं तेही तिला आठवत असणार. काजी. मी काजी म्हणू शकत नव्हतो. मी तोंड उघडलं.

"बॅटरीचा ॲसिड लागला असतला," ती म्हणाली.

"होय," मी म्हणालो.

तिने माझा हात सोडला नाही. बाटलीचं झाकण एका हाताने लावता येईना म्हणून तिने ते तसंच ठेवलं. भिंतीवर पावणेचार वाजले होते. तिने वर बघितलं.

"दुकानात जातंस मा? येताना सेल हाड. किती वाजले ता कळना नाय."